सराफी पेढी आणि केवायसी : दोन लाख, दहा लाख आणि मधला घोळ

पेढीवरचा

नमस्कार मंडळी. तासगाव-विटा पट्ट्यात आमची सराफी पेढी आहे, आजोबांपासूनची. उलाढाल फार मोठी नाही. एक कारागीर, काउंटरला दोन पोरं, गल्ल्यावर वडील नाहीतर मी. आमच्या सीएंच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलानं परवा फोन करून सांगितलं, "तुम्ही पीएमएलएखाली (मनी लाँडरिंगविरोधी कायदा) येता, एफआयूकडे (संशयित व्यवहारांची माहिती गोळा करणारं केंद्र सरकारचं कार्यालय) नोंदणी करा, प्रिन्सिपल ऑफिसर (त्यांना माहिती कळवणारा जबाबदार माणूस) नेमा, सगळ्या गिऱ्हाइकांची केवायसी (ओळख पटवणारे कागद) ठेवा." वडिलांनी ऐकलं आणि म्हणाले, "आपण काय हवाला करतो होय रं?"

माझी मुख्य अडचण अशी. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घ्यायचीच नाही हा आयकराचा नियम आम्ही पाळतो. आणि पीएमएलएची मर्यादा म्हणे दहा लाख रोख. दोन लाखच घेता येत नाहीत तर दहा लाखांचा प्रश्न येतो कुठून? की दोन्ही नियम लिहिणाऱ्यांची एकमेकांशी गाठच पडलेली नाही?

दुसरं म्हणजे आमच्याकडं येणारी निम्मी माणसं तीन पिढ्यांची. त्यांच्याकडं आधार मागायचं कसं? मागच्या महिन्यात एका आजींकडं पॅन मागितलं तर म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या बारशाला मी होते, आणि तू मला कागद मागतोस?"

सावळागोंधळ

सोप्पं आहे. हजारो कोटी घेऊन विमानात बसायचं असेल तर केवायसी लागत नाही. मंगळसूत्र घ्यायचं असेल तर लागते.

खतावणी

सावळागोंधळ, तुमचा टोमणा पोचला, आता कामाचं बोलू.

पेढीवरचा, तुमच्या सीएंच्या मुलानं अर्धं बरोबर सांगितलंय. 'सराफ आहे म्हणजे आपोआप रिपोर्टिंग एंटिटी (एफआयूला माहिती कळवायला बांधील)' असं नाही. २८ डिसेंबर २०२० ची अधिसूचना म्हणते की मौल्यवान धातू आणि खड्यांचे जे व्यापारी एखाद्या ग्राहकाशी दहा लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा रोख व्यवहार करतात, एका फटक्यात किंवा एकमेकांशी जोडलेल्या तुकड्यांत, ते पीएमएलएच्या कक्षेत. ही अधिसूचना आल्यावर 'आता प्रत्येक सोनेखरेदीला आधार लागणार' अशी आवई उठली होती आणि जानेवारी २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला की दोन लाखांखालच्या रोख खरेदीला अशी कुठलीही नवी सक्ती केलेली नाही.

याच्या आधीही एक प्रयत्न झाला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन कोटींवर उलाढाल असलेले सराफ सरसकट पीएमएलएखाली घेतले होते. दिवाळी तोंडावर, बाजार थंड, सराफ संघटना हवालदिल. ६ ऑक्टोबर २०१७ ला ती अधिसूचना मागे घेतली. आता उलाढालीचा निकष नाही, रोखीचा आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण व्हॉट्सॅपवर अजून ते दोन कोटीच फिरतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दोन लाखांचा नियम (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम २६९एसटी, १ एप्रिल २०१७ पासून) तीन बाजूंनी दार लावतो: एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात, किंवा एका प्रसंगाशी निगडित व्यवहारांत दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही. मोडलात तर जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला. गिऱ्हाईक नामानिराळं.

मग दहा लाख कुठून? जो माणूस दर दोन-चार दिवसांनी येऊन एक लाख नव्वद हजारांचं वेढणं किंवा नाणी रोखीत घेतो, त्याच्याकडून. प्रत्येक बिल वेगळं, प्रत्येक दिवस वेगळा, आयकराच्या चाळणीतून कदाचित सुटतं. पण महिन्याभरातल्या अशा जोडलेल्या व्यवहारांची बेरीज दहा लाखांपुढे गेली की पीएमएलएची चाळणी तिथे लागते. म्हणजे दोन लाखांचा नियम मनापासून पाळणारी पेढी दहा लाखांपर्यंत सहसा पोचतच नाही. जी पोचते तिथे बिलं तोडली जातायत का, हे आधी बघावं लागतं.

मधुमालती

पण दहाच लाख का? पाच का नाही, वीस का नाही?

खतावणी

एफएटीएफ म्हणून पॅरिसला एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, मनी लाँडरिंगविरोधी शिफारशी तीच करते. तिच्या शिफारशीत सराफांसाठी १५,००० डॉलर किंवा युरो रोख अशी मर्यादा आहे. २०२० च्या भावानं ते साधारण अकरा लाख रुपये होतात. आपण गोळाबेरीज दहा लाख धरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचं पथक भारतात तपासणीला येणार होतं, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत सराफ, रिअल इस्टेट एजंट, क्रिप्टोवाले (मार्च २०२३), कंपन्या स्थापून देणारे सीए-सीएस (मे २०२३) अशी सगळ्यांची रांग लागली. आम्ही सीएही त्यात आलो बरं का. क्लायंटच्या वतीनं काही ठरावीक आर्थिक व्यवहार केले तर सीएसुद्धा रिपोर्टिंग एंटिटी.

अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारत 'नियमित पाठपुरावा' या वरच्या गटात बसला, पण सराफी धंद्यावर शेरे आहेतच. लाखाच्या वर करदाते सराफ आणि त्यातले फार थोडे एखाद्या संघटनेच्या शिस्तीत, हे त्यांच्या नजरेतून सुटलेलं नाही.

शाखाधिकारी निवृत्त

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच ग्रामीण शाखांत. दोन शब्द लिहितो.

पहिलं, एफआयू आणि ईडी यात लोक गल्लत करतात. एफआयू छापे घालत नाही. दिल्लीत बसतं, २००४ साली स्थापन झालं, अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली. बँका, विमा कंपन्या, आता सराफ, सगळ्यांकडून माहिती घेतं, छाननी करतं आणि गरज वाटली तर ईडी, आयकर, पोलीस यांच्याकडे धाडतं. त्यामुळे 'नोंदणी केली म्हणजे आपण स्वतःहून ईडीच्या तोंडी गेलो' ही भीती काढून टाका.

दुसरं, कागदापेक्षा डोळे उघडे ठेवणं महत्त्वाचं. आमच्याकडे बचत खात्यात रोख भरताना पन्नास हजारांच्या वर पॅन लागायचा. त्यामुळे एकोणपन्नास हजार पाचशेची स्लिप दिसली की हुशार कॅशियर मान वर करून एकदा माणसाकडे बघायचाच. एकदा आली तर काही नाही, कुणाचे तेवढेच असतील. तीच रक्कम सोमवारी एका खात्यात, मंगळवारी त्याच्या भावजयीच्या खात्यात आणि बुधवारी ड्रायव्हरच्या खात्यात, तर मग पॅन न मागताही बरंच काही कळतं.

तिसरं, आणि हे सराफांनी कान देऊन ऐकावं: संशयित व्यवहाराचा अहवाल पाठवला तर ते गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सूचकही बोलायचं नाही. आमच्याकडे एकानं माणुसकी म्हणून 'साहेब, जरा जपून' असं म्हटलं होतं आणि पुढे बराच मनस्ताप भोगला. उलट प्रामाणिकपणे अहवाल पाठवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, गिऱ्हाईक त्याबद्दल दावा लावू शकत नाही.

पेढीवरचा

काका, खतावणी, दोघांनाही धन्यवाद. डोकं थोडं ताळ्यावर आलं. आता खरी गोष्ट विचारतो, जिच्यामुळं हा धागा काढला.

लग्नसराईत एक गृहस्थ आले. ओळखीचे नाहीत, शेजारच्या तालुक्यातले. मुलीसाठी पाटल्या, तोडे, मोहनमाळ आणि नवरदेवाची साखळी. सगळं मिळून आठ लाखांच्या आत. म्हणाले रोख देतो, चार बिलं करा. एक त्यांच्या नावावर, एक मेहुण्याच्या, एक चुलत्याच्या आणि एक नवरीच्या मामाच्या. मेहुणे आणि चुलते सोबत होते, मामा नव्हते. कागद मात्र चौघांचेही आणले होते, अगदी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून. प्रत्येक बिल दोन लाखांच्या आत बसत होतं. मी 'रोख एवढी घेता येत नाही, आरटीजीएस करा' म्हटल्यावर चहा अर्धा टाकून उठले. नंतर कळलं की गावातच दुसरीकडं काम झालं.

माझं चुकलं का बरोबर, ते विचारत नाही. मला एवढंच कळेना, की चार वेगळी माणसं, चार वेगळे पॅन असताना नियम नेमका कुठं मोडतो?

शाखाधिकारी निवृत्त

बिलासाठी मोबाइल नंबर किती दिले होते?

पेढीवरचा

एकच! चारही बिलांना त्या गृहस्थांचाच. आणि नोटाही एकाच पिशवीतून बाहेर येत होत्या. हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षात नव्हतं आलं.

खतावणी

बघा, काकांनी एका प्रश्नात काम केलं.

कायद्याच्या भाषेत सांगतो. मेहुण्यानं स्वतःच्या पैशानं भाचीला साखळी घेतली, तर तो वेगळा खरेदीदार, त्याचं बिल वेगळं, काही चूक नाही. लग्नात मामानं तोडे करायची रीतच आहे. पण पैसे एकाचे आणि नावं चौघांची असतील तर खरा देणारा एकच, प्रसंगही एकच. आयकर अधिकारी विचारणार, मेहुण्यानं हे पावणेदोन लाख आणले कुठून? त्याच्या खात्यातून काढलेले दिसतात का? मेहुणा तिथे उभा राहून 'मला काही ठाऊक नाही, दाजींनी आधार मागितलं म्हणून दिलं' असं म्हणाला की तुमच्या पेढीवर चार बिलांची मिळून बेरीज लागली.

दोन लाखांचंच बिल पण अर्धे आज, अर्धे उद्या, असंही चालत नाही. व्यवहार एक आहे. हा प्रकार तर सर्रास चालतो आणि लोकांना तो हुशारीचा वाटतो.

पॅनचं वेगळं. दोन लाखांच्या वर एका व्यवहारात खरेदी असेल तर पॅन लागतोच, मग पैसे चेकनं द्या, कार्डानं द्या नाहीतर रोख. पॅन नसेल तर त्याऐवजी भरायचा जाहीरनामा (पूर्वीचा फॉर्म ६०). हे जानेवारी २०१६ पासून आहे, पीएमएलएशी त्याचा संबंध नाही.

बेदाणा

इथं एक सांगतो. आमच्याकडं द्राक्षाचा व्यापारी बागेत येऊन रोख देतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. मग माझ्या कष्टाच्या, पांढऱ्या पैशानं पाच लाखांचं सोनं घेतलं तर सराफानं नाही का म्हणायचं? उसाचं बिल बँकेत येतं म्हणून ऊसवाला साव, आणि द्राक्षवाला चोर?

खतावणी

चोर कुणी म्हणत नाही. पण त्या नियमात पैसा कुठून आला याला सूट नाही. सरकार, बँका, पोस्टाची बचत बँक, सहकारी बँका यांना वगळलंय, शेतकऱ्याला नाही. तुमचं उत्पन्न करमुक्त आहे, सराफाचं रोख घेणं मात्र बंद आहे. उपाय साधा: रोख आधी स्वतःच्या खात्यात भरा, व्यापाऱ्याची पट्टी (मालाच्या विक्रीची पावती) जपून ठेवा आणि सराफाला आरटीजीएस करा. एक फेरी जास्त होते, मान्य आहे.

विटेकर गलाईवाला

पेढीवरचा, गाववाले निघालात! मी कोइंबतूरला असतो. खानापूर-आटपाडी भागातली आमची माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या) धंद्यात देशभर पसरलेली हे बाकीच्यांना ठाऊक असेलच. सगळे विकणाऱ्याचं बोलताय, मी घेणाऱ्याचं बोलतो.

जुनं सोनं मोडीत येतं तिथं खरी मेख आहे. नवं सोनं विकताना फार तर दंड. मोडीत चोरीचं निघालं तर पोलीस येतात, माल जप्त, आणि दुकानासमोर जीप उभी राहिली की इज्जत गेली. म्हणून आम्ही पूर्वीपासून वहीत लिहितो: कोण, कुठला, वस्तू कसली, वजन, तूट किती धरली. आता वस्तूचा फोटो, माणसाचा फोटो, आधारची प्रत, आणि पैसे खात्यावर. रोख दहा हजारांच्या वर दिले तर ती खरेदी आयकरात खर्च म्हणून धरतच नाहीत, त्यामुळं तसाही फायदा नाही.

आणि वितळवायची घाई करायची नाही. माणूस घाई करायला लागला, भाव पाडून द्यायला तयार झाला, पावती नको म्हणाला की मी चहा मागवतो आणि भट्टी पेटवत नाही. आमचे चुलते म्हणायचे, सोन्याचा कस दगडावर आणि गिऱ्हाइकाचा कस घाईवर.

खतावणी

गलाईवाल्यांनी फार महत्त्वाची बाजू मांडली. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं, म्हणजे पूर्वीचं भादंवि ४११, आता भारतीय न्याय संहितेचं ३१७, हा पीएमएलएच्या अनुसूचीतला गुन्हा आहे. तिथे तुम्ही 'माहिती न पाठवणारे व्यापारी' उरत नाही, थेट आरोपीच्या बाजूला जाता. माहिती न पाठवल्याबद्दल प्रत्येक चुकीला दहा हजार ते एक लाख दंड आहे. मनी लाँडरिंगच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं सक्तमजुरी. दोन्हींची भीती एकाच तराजूत घालू नका.

सावळागोंधळ

दंड फक्त छोट्यांनाच का हो?

शाखाधिकारी निवृत्त

नाही. मार्च २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेला एफआयूनं ५.४९ कोटींचा दंड केल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी जूनमध्ये बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजला १८.८२ कोटी. तिथेही मूळ प्रश्न हाच होता: गिऱ्हाईक कोण, पैसा कुठला, आणि तुम्ही कळवलं का. आता यावर 'त्यांना हे किरकोळ' असं म्हणाल, तर म्हणा :)

मधुमालती

मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलते. पॅन-आधार मागा, हरकत नाही. पण ते ठेवता कुठे? आमच्या इथल्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलानं माझ्या आधारचा फोटो त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर काढला. मी म्हटलं हा कुठे जाणार? तर म्हणाला, "ग्रुपवर टाकतो मॅडम, शेठ प्रिंट काढतात." त्या ग्रुपवर किती जण असतील देव जाणे. त्या मुलानं नोकरी सोडली तरी माझं आधार त्याच्या गॅलरीत. तक्रार केली तर 'सरकारचा नियम आहे' म्हणून मोकळे.

शाखाधिकारी निवृत्त

मधुमालतीताई, अगदी रास्त. नियम ओळख पटवून घ्यायला सांगतो, आधार व्हॉट्सॅपवर फिरवायला नाही. आधारच पाहिजे असंही नाही. पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचं जॉबकार्ड हेही अधिकृत कागद आहेत. गंमत म्हणजे त्या यादीत पॅन कार्ड नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचंच झालं तर मास्क केलेलं द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. सराफानंही पूर्ण आकड्यांची प्रत आली तर पहिले आठ काळ्या शाईनं खोडून मग फायलीला लावावी.

पेढीवरचा

ही शाई उद्याच आणतो. आणि पोरांच्या मोबाइलवरचे फोटो आजच पुसायला लावतो, आमच्याकडंही तसंच चाललंय.

दुबईचा मुनीम

मी देऱ्याच्या गोल्ड सूकमध्ये हिशेब बघतो. इकडे ५५,००० दिरहॅम किंवा जास्त रोख व्यवहार झाला की ओळखपत्राची प्रत घेऊन गोएएमएल नावाच्या पोर्टलवर कळवावंच लागतं. संशय असो नसो. सुरुवातीला आमच्या शेठनीही कपाळाला हात लावला होता. आता पर्यटकसुद्धा न विचारता पासपोर्ट पुढे करतात. भारतातून आलेले नातेवाईक मात्र अजून म्हणतात, "अरे आपलाच ना तू?"

पेढीवरचा

तेच तर दुखणं आहे ना! बरं, शेवटी मी करू काय? नोंदणी करू का नको?

खतावणी

तुमची परिस्थिती बघून सांगतो, पण तुमच्या सीएंशी पक्कं करा, माझ्यासमोर तुमच्या वह्या नाहीत.

आधी मागच्या वर्षाची रोख बिलं काढा. नावावर लावू नका, मोबाइल नंबरवर आणि पत्त्यावर लावा. एका घरातून, एका महिन्यात, मिळून दहा लाख रोख गेलेत असं एकही प्रकरण निघतं का बघा. निघालं तर नोंदणी टाळू नका: एफआयूच्या फिनगेट पोर्टलवर होते, प्रिन्सिपल ऑफिसर तुम्हीच व्हाल, महिन्यातल्या दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि नोंदी पाच वर्षं. सराफांसाठी यावर देखरेख सीबीआयसीची, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाची आहे.

नाही निघालं, तर दोन लाखांची मर्यादा लेखी धोरण म्हणून वहीत लिहा, काउंटरच्या पोरांची त्यावर सही घ्या. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर टाकला की त्या नंबरची महिन्याची रोख बेरीज वर दिसेल अशी सोय करून घ्या. सॉफ्टवेअरवाले करून देतात, मागावं लागतं. आजींसारख्या ओळखीच्या माणसांचा कागद एकदा घेऊन ठेवा, दर खेपेला मागू नका. वडिलांना सांगा, प्रत्येक मणी-मंगळसूत्राला आधार मागायचं नाहीये.

विटेकर गलाईवाला

आजींना सांगायचं, "नातवाला जेलात घालायचाय का?" लगेच पदराच्या गाठीतून पॅन काढतात. अनुभव आहे.

बेदाणा

एक शंका राहिली. पेढ्यांच्या अकरा महिन्यांच्या सुवर्ण योजना असतात, माझी बायको दर महिन्याला रोख भरते. त्याला हे लागतं का?

खतावणी

चांगला मुद्दा काढलात. महिना पाच हजारांनी अकरा हप्ते म्हणजे पंचावन्न हजार, काळजी नाही. पण महिना पंचवीस हजार रोख असतील तर अकरा हप्त्यांचे पावणेतीन लाख होतात आणि शेवटी दागिना एकच, व्यवहार एकच. प्रत्येक पावती छोटी असली तरी दोन लाखांचा प्रश्न उभा राहू शकतो. पेढीवरचा, तुमची अशी योजना असेल तर मोठे हप्ते यूपीआय किंवा चेकनंच घ्या, आणि आधीचे रोख हप्ते किती आलेत ते आताच मोजून ठेवा.

पेढीवरचा

योजना आहे. साठेक सभासद, हप्ते जास्त करून दोन-तीन हजारांचे, पण चार-पाच जण मोठे आहेत. त्यांना आजच फोन लावतो. त्यातला एक माझा सख्खा मेहुणाच आहे, त्याचं काय ऐकावं लागतंय बघू.